भरल्या घरी देवाची आठवण : संत थॉमस मोर



संकट आले की देव आठवतो. त्यासाठी कोणाला शिकवावे लागत नाही. घरात आजारपण आले, नोकरी गेली, मुलांच्या परीक्षा जवळ आल्या की चर्चमध्ये मेणबत्त्या पेटतात, घरोघरी नोव्हेना सुरू होतात. ह्यात गैर काहीच नाही. लेकराने बापाकडे धाव घ्यावी, तसेच हे आहे. पण आजारी माणूस बरा झाला, नोकरी लागली, नवे घर बांधून झाले की पुढे काय होते? कोणीही उठून देवाला नाकारत नाही. फक्त वेळ मिळेनासा होतो. प्रथम घरातील सायंप्रार्थना सुटते, मग एखादा रविवार सुटतो, मग रविवारच सहलीचा दिवस होतो. देवाशी भांडण नसते. त्याची गरज वाटत नाही, इतकेच.

वचनदत्त देशाच्या सीमेवर उभे असताना मोशेने इस्राएल लोकांना नेमक्या ह्याच धोक्याविषयी सावध केले होते. अनुवाद ह्या पुस्तकाचा आठवा अध्याय आपण घरी जरूर वाचावा. रानात देवाने मान्ना दिला हे विसरणे कठीण होते, कारण दररोज सकाळी तो वेचावा लागत होता. पुढे शेते पिकली, चांगली घरे झाली, सोने-रुपे साठले, म्हणजे हे सारे आपल्याच मनगटाच्या बळावर मिळाले असे वाटू लागेल, ही मोशेची चिंता होती.

सुबत्तेत देवाशी एकनिष्ठ कसे राहावे? आज आपण एका अशा संताकडे पाहू या, ज्यांना बहुतेक लोक त्यांच्या मरणामुळे ओळखतात. संत थॉमस मोर ह्यांचा ६ जुलै १५३५ रोजी लंडनमध्ये शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभा त्यांचा सण २२ जून रोजी, त्यांच्याबरोबर रक्तसाक्षी झालेले संत जॉन फिशर ह्यांच्यासमवेत साजरा करते. परंतु त्या एका दिवसाच्या मागे भरभराटीची पंचवीस-तीस वर्षे होती. आमच्या मते त्यांच्या धैर्याचे मूळ त्या चांगल्या वर्षांत आहे.

घडण

थॉमस मोर ह्यांचा जन्म लंडनच्या मिल्क स्ट्रीटवर १४७८ च्या सुमारास झाला. वडील जॉन मोर हे वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. लहानपणी थॉमस ह्यांना लॅम्बेथ येथे आर्चबिशप मॉर्टन ह्यांच्या घरी सेवक म्हणून ठेवण्यात आले. नंतर ते ऑक्सफर्डला शिकले आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे लंडनच्या न्यू इन व लिंकन्स इन ह्या संस्थांत कायद्याचे शिक्षण घेऊन वकील झाले.

ह्याच काळात सुमारे चार वर्षे ते लंडनच्या चार्टरहाउसमध्ये कार्थुसियन संन्याशांच्या सान्निध्यात राहिले आणि त्यांच्या प्रार्थनेत भाग घेत राहिले. आपल्याला संन्यासी जीवनाचे पाचारण आहे की काय, ह्याचा ते शोध घेत होते. अखेर त्यांनी संसाराची वाट धरली. जेन कोल्ट ह्यांच्याशी विवाह झाला. मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन अशी चार मुले झाली. १५११ साली जेन वारल्या आणि लहान मुलांचा सांभाळ व्हावा म्हणून मोर ह्यांनी लवकरच ॲलिस मिडलटन ह्या विधवेशी विवाह केला.

संन्याशांच्या मठातून बाहेर पडताना तेथील एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर आणली. मठातील एक खरबरीत केसाळ सदरा ते अंगालगत घालत राहिले. वर रेशमी वस्त्रे असत, आत हा सदरा टोचत असे. थोरली मुलगी मार्गारेट तो गुपचूप धुऊन देत असे. असा सदरा आज आपण घालावा, असे आम्ही सुचवीत नाही. पण दरबारी पोशाखाच्या आत आपण मुळात कोण आहोत ह्याची आठवण देणारे काहीतरी त्यांनी जपले, हे महत्त्वाचे.

भरभराटीची वर्षे

आता वैभवाची चढण सुरू झाली. १५१० साली ते लंडन शहराचे अंडरशेरीफ झाले. १५१६ साली त्यांचा यूटोपिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपभर त्यांचे नाव झाले. पुढे ते राजा आठवा हेन्री ह्याच्या सल्लागार मंडळात गेले. १५२१ साली सर हा किताब मिळाला, १५२३ साली ते पार्लमेंटचे सभापती झाले. थेम्स नदीकाठी चेल्सी येथे त्यांनी मोठे घर बांधले. बाग, फळबाग, ग्रंथालय, आठ नावाड्यांची स्वतःची नाव, मुले, सुना, जावई, नातवंडे, नोकरचाकर असे ते गोकुळ होते. शेवटी २५ ऑक्टोबर १५२९ रोजी ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजाखालोखाल इतका मोठा मान क्वचितच दुसऱ्या कोणाला होता.

एवढ्या वैभवात हा माणूस दररोज काय करीत होता? तो दररोज मिस्साबलिदानाला हजर राहत असे. मिस्सा चालू असताना एकदा राजाचे बोलावणे पुन्हा पुन्हा आले, तेव्हा आधी थोरल्या राजाची सेवा पुरी होऊ दे असे सांगून ते शेवटपर्यंत थांबले, अशी आठवण सांगितली जाते. घरी असले की रात्री बायको-मुले व नोकरचाकर ह्या सर्वांना एकत्र बोलावून ते प्रार्थना घेत. जेवताना मुलींपैकी एक जण पवित्र शास्त्रातील उतारा वाची आणि मग त्यावर बोलणे होई. घरापासून थोड्या अंतरावर त्यांनी प्रार्थनेची खोली आणि ग्रंथालय असलेली वेगळी इमारत बांधली. कामातून सवड मिळाली की शुक्रवारचा दिवस ते तेथे प्रार्थनेत व अभ्यासात घालवीत. मुलींना त्यांनी लॅटिन व ग्रीक शिकविले. त्या काळी ही गोष्ट फारच दुर्मीळ होती.

धर्मग्रामाच्या देवळात ते साधा पांढरा झगा घालून गायनवृंदात गात असत. एकदा नॉर्फकचे ड्यूक चेल्सीला जेवायला आले असता त्यांनी हे पाहिले. देशाच्या चॅन्सेलरने साध्या मदतनिसासारखे गावे, ह्याने राजाचाच अपमान होतो असे त्यांना वाटले. देवाची, म्हणजे राजाच्याही धन्याची, सेवा केल्याने राजा रागावणार नाही, असा मोर ह्यांच्या उत्तराचा आशय होता. धर्मग्रामाच्या मिरवणुकीत ते क्रुसामागून पायी चालत. पदाला शोभेल असे घोड्यावर बसा, असा आग्रह झाला तेव्हा आपला प्रभू पायी चालला, मग त्याच्या मागे आपण घोड्यावरून कसे जावे, असे त्यांचे म्हणणे पडले.

चेल्सीतील वृद्ध व गरीब लोकांसाठी त्यांनी एक घर भाड्याने घेतले आणि त्याची जबाबदारी मार्गारेटवर सोपविली. दान करणे त्यांनी मुलांनाही असे शिकविले. नुसते पैसे देऊन ते मोकळे झाले नाहीत.

न्यायदानातही हीच वृत्ती होती. एका श्रीमंत विधवेने आपल्या बाजूने निकाल मिळाल्यावर नववर्षाची भेट म्हणून त्यांना हातमोजे दिले. मोज्यांत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी होती. नववर्षाची भेट नाकारणे असभ्य म्हणून त्यांनी मोजे ठेवून घेतले आणि नाणी परत केली. त्यांच्या एका जावयाचा खटला त्यांच्यापुढे आला. सासराच न्यायाधीश म्हणून तो निर्धास्त होता, पण निकाल त्याच्या विरुद्ध गेला. आपल्या न्यायालयाकडे जाताना वाटेत वडील न्यायदानास बसलेले दिसले की हा चॅन्सेलर सर्वांसमक्ष गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेई.

राजाची मर्जी ही त्या काळची सर्वांत मोठी संपत्ती होती. राजा रात्री त्यांना घेऊन गच्चीवर जाई आणि ताऱ्यांविषयी बोलत बसे. त्यांच्या विनोदी गप्पांसाठी राजा व राणी त्यांना वारंवार जेवायला बोलावीत. दुसरा कोणी असता तर हुरळून गेला असता. पण त्यामुळे महिन्यातून एकदाही धड घरी बायको-मुलांत बसता येईना, हे मोर ह्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी दरबारात हळूहळू विनोद करणे कमी केले, म्हणजे बोलावणी कमी व्हावीत! घरासाठी राजाची थोडी मर्जी गमावण्याची त्यांची तयारी होती. एकदा राजा चेल्सीच्या बागेत त्यांच्या खांद्यावर हात टाकून तासभर फिरला. जावई विल्यम रोपर ह्यांना मोठा अभिमान वाटला. मोर शांतपणे म्हणाले की, आपले डोके देऊन फ्रान्समधला एखादा किल्ला मिळणार असेल, तर राजा ते देऊन टाकायला कचरणार नाही. राजाच्या प्रेमाबद्दल ते कृतज्ञ होते, पण त्यावर त्यांनी विसंबून राहायचे नाकारले.

जळालेली कोठारे

१५२९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरची गोष्ट. मोर नुकतेच कांब्रेच्या तहाचे काम आटोपून परतले होते आणि वुडस्टॉक येथे राजाजवळ होते. तेथे निरोप आला की चेल्सीची धान्याची कोठारे आगीत जळून गेली आणि शेजाऱ्यांचे धान्यही त्यात गेले. सुगीचे धान्य आत असताना हे घडले होते. ३ सप्टेंबरला त्यांनी पत्नीला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे.

कोणाच्या चुकीने आग लागली ह्याची चौकशी त्या पत्रात नाही. जे गेले ते देवानेच दिले होते, म्हणून कुरकुर न करता त्याची इच्छा मान्य करावी, असे त्यांनी आधी लिहिले. मग सांगितले की घरातील सर्वांना घेऊन देवळात जा आणि देवाने जे दिले, जे नेले आणि जे राखले, त्या सर्वांसाठी आभार माना. त्यानंतर शेजाऱ्यांची गोष्ट येते. त्यांचे किती नुकसान झाले त्याची नीट चौकशी करा, चिंता करू नका असे त्यांना सांगा. आपल्या घरी घडलेल्या अपघातामुळे कोणा गरीब शेजाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर ते भरून देण्यासाठी घरात एक चमचाही उरला नाही तरी चालेल, असे त्यांनी कळविले. शेवटी नोकरांविषयी लिहिले. खर्च कमी करायचा झाला तरी कोणालाही दुसरीकडे सोय लागल्याशिवाय एकाएकी काढून टाकू नका.

पत्राचा क्रम पाहा. प्रथम देव, मग शेजारी, मग नोकर. धान्याचे पुढे काय करायचे, बियाणे कुठून आणायचे ह्याचाही विचार त्यात आहे, कारण श्रद्धा म्हणजे अव्यवहारीपणा नव्हे. पण असे पत्र माणूस त्या एका दिवसात लिहू शकत नाही. संपत्ती आपली नसून सांभाळायला दिलेली आहे, हे ज्याने चांगल्या दिवसांत रोज स्वतःला सांगितले आहे, त्यालाच वाईट बातमी आल्यावर असे लिहिता येते. ॲरिस्टॉटल ह्या तत्त्ववेत्त्याने सद्गुण हे सवयीने अंगी येतात असे मांडले होते. वीणा वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो. देवाचे आभार मानण्याचेही तसेच आहे.

ह्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ते लॉर्ड चॅन्सेलर झाले.

पायरी पायरीने खाली

राजाला राणी कॅथरीनशी झालेला विवाह रद्द करून ॲन बोलिनशी विवाह करायचा होता. पोप महोदयांची त्याला संमती मिळेना, तेव्हा राजाने इंग्लंडमधील ख्रिस्तसभेवर स्वतःचा अधिकार लादायला सुरुवात केली. १५ मे १५३२ रोजी तेथील धर्माधिकाऱ्यांनी राजापुढे मान तुकविली. दुसऱ्याच दिवशी मोर ह्यांनी चॅन्सेलरपदाचा राजीनामा दिला.

पत्नीला ही बातमी त्यांनी आपल्या पद्धतीने दिली. सणाच्या दिवशी मिस्सा संपली की त्यांचा एक सेवक ॲलिस ह्यांच्या आसनाजवळ येऊन, साहेब निघाले आहेत असे अदबीने सांगत असे. त्या दिवशी मोर स्वतःच टोपी हातात घेऊन आले आणि साहेब गेले असे म्हणाले. ॲलिसबाईंना ती थट्टाच वाटली. खरा प्रकार कळल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

एवढी वर्षे मोठ्या पदांवर काढलेल्या माणसाजवळ किती पैसा उरला होता? कर्जे फेडल्यावर पदाची सोन्याची साखळी सोडून शंभर पौंडांचेही सोने-रुपे उरले नव्हते, असे जावई रोपर ह्यांनी लिहून ठेवले आहे. बिशपांनी मिळून काही हजार पौंड जमवून त्यांच्या लिखाणाबद्दल देऊ केले, तेही त्यांनी नाकारले. सर्व नोकरांना त्यांनी एकेका बिशपाकडे वा सरदाराकडे काम मिळवून दिले. नाव आणि आठ नावाडी नव्या चॅन्सेलरला देऊन टाकले. तीन वर्षांपूर्वी पत्रात जे लिहिले होते, ते आता स्वतः करून दाखविले.

मग त्यांनी मुले व जावई ह्यांना जवळ बोलाविले. आपण ऑक्सफर्डच्या गरीब जेवणापासून सुरुवात केली, मग न्यू इनचे, मग लिंकन्स इनचे, मग राजदरबाराचे जेवण जेवलो, असे ते म्हणाले. आता उतरायचे तर एकदम तळाला जायला नको. आधी लिंकन्स इनच्या पायरीवर येऊ, ते परवडले नाही तर न्यू इनच्या, तेही नाही तर ऑक्सफर्डच्या. आणि तेही जमले नाही, तर झोळ्या घेऊन दारोदार साल्वे रेजिना गात भिक्षा मागू, पण सगळे एकत्र राहू. त्या हिवाळ्यात सरपण परवडेना, तेव्हा झोपण्यापूर्वी वाळलेले नेचे पेटवून घरातील सर्वांनी शेक घेतला.

दुसरे घर

१३ एप्रिल १५३४ रोजी लॅम्बेथ येथे, जेथे ते लहानपणी सेवक होते त्याच वाड्यात, त्यांना राजाच्या वारसाहक्काच्या कायद्याची शपथ घेण्यास सांगण्यात आले. पोप महोदयांचा अधिकार नाकारणारी ती शपथ त्यांनी घेतली नाही. चार दिवसांनी त्यांची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.

तेथे भेटायला आलेल्या ॲलिसबाईंनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. चेल्सीला एवढे सुंदर घर, ग्रंथालय, बाग, बायको-मुले असताना ह्या कोंदट खोलीत उंदरांच्या संगतीत का राहायचे? इतर सर्व बिशप आणि विद्वान शपथ घेतात, मग तुम्हालाच काय झाले? त्यावर मोर ह्यांनी विचारले, हे घर स्वर्गाला आपल्या घराइतकेच जवळ नाही का? पुढे ते म्हणाले की, आपण मरून सात वर्षांनी परत त्या घरी गेलो, तर आत राहणारा कोणीतरी आपल्यालाच बाहेर काढील आणि हे घर तुझे नव्हे म्हणून सांगेल. धन्याला इतक्या लवकर विसरणाऱ्या घरावर एवढा जीव का लावावा?

ॲलिसबाईंना आम्ही दोष देत नाही. नवऱ्याच्या जेवणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांना पुढे आपले कपडे विकावे लागले. एका माणसाच्या निष्ठेची किंमत सगळे घर मोजत असते, हेही आपण विसरू नये.

टॉवरमध्येच मोर ह्यांनी दुःखातील सांत्वनाविषयी संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. त्यात तुर्की आक्रमणाच्या भीतीने ग्रासलेल्या हंगेरीत एक काका आणि पुतण्या बोलत आहेत. संपत्ती बाळगणे हेच पाप आहे काय, हा प्रश्नही तेथे येतो. संपत्ती स्वतः पाप नाही, तिच्यात जीव गुंतविणे हा धोका आहे, असे त्या विवेचनाचे सार आहे. सतत सुखात असणाऱ्यानेच अधिक सावध राहावे, असे त्यांना वाटत होते. हे लिहिणाऱ्याने दोन्ही बाजू भोगल्या होत्या.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे खटला चालून त्यांना मृत्युदंड झाला आणि पाच दिवसांनी टॉवर हिलवर त्यांनी प्राण दिला. पोप पायस अकरावे ह्यांनी १९३५ साली त्यांना संत म्हणून घोषित केले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००० साली त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकीय पुढाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

संतही आपल्या काळाची माणसे असतात. मोर ह्यांनी पाखंडी मानलेल्या लोकांविरुद्ध कठोर लिखाण केले, आणि त्यांच्या चॅन्सेलरपदाच्या काळात सहा जणांना त्या आरोपाखाली जाळण्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयी जे शिकविले, त्याच्या प्रकाशात ती गोष्ट आपण योग्य म्हणू शकत नाही. स्वतःच्या बाबतीत इतका जागा असलेला माणूसही सत्तेच्या जागी बसून आपल्या काळाच्या पलीकडे पाहू शकला नाही. ह्यातूनही नम्रता शिकावी.

आपल्यासाठी

गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक कुटुंबांना देवाने चांगले दिवस दाखविले आहेत. मुले शिकली, परदेशी गेली, कौलारू घराच्या जागी बंगला आला. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हा धर्मगुरूंना बोलाविले जाते, तेव्हा आम्हालाही आनंद होतो. वेदीची जागाही सुरेख सजविलेली असते. त्या वेदीपुढे संध्याकाळी सगळे घर गुडघे टेकते का, एवढेच विचारावेसे वाटते.

थॉमस मोर ह्यांनी घर विकले नाही, पद टाकून ते रानात गेले नाहीत. त्यांनी काही थोड्या गोष्टी सोडल्या नाहीत, इतकेच. घरातील रात्रीची प्रार्थना, मिस्सा, गायनवृंदातील जागा, गरिबांसाठी एक घर, वडिलांपुढे टेकलेले गुडघे. ह्यांतल्या कोणत्याही गोष्टीला लॉर्ड चॅन्सेलर असावे लागत नाही. त्यांनी त्या जपल्या म्हणून राजाने पुढे सर्व काही काढून घेतले, तेव्हा मुख्य ते त्यांच्यापाशी उरले.

ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून तीन गोष्टी कराव्यात. देवाने जे दिले, जे नेले आणि जे राखले त्याची नावे घेऊन आभार मानावेत. आपल्या भरभराटीमुळे कोणा शेजाऱ्याचे, भावाचे किंवा कामगाराचे काही राहून गेले आहे का, ते पाहावे आणि असेल तर ते देऊन टाकावे. आणि वेळ नाही म्हणून सुटलेली एक प्रार्थना पुन्हा सुरू करावी.

संत थॉमस मोर ह्यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्या भरल्या घरांत सदैव राहो, आणि घर रिते झाले तरी त्याची सोबत आपल्याला पुरेशी वाटो, हीच प्रार्थना.

आपले धर्मगुरू